घाट उतरून दर्यापर्यंत

पौषात मुहूर्त नसतात. त्यामुळे मांडववाले रिकामे, वाजंत्रीवाले रिकामे आणि गाडीवालेही रिकामे. एरवी लग्नतिथीला तोंड वर करून भाव सांगणारा क्रूझरवाला या महिन्यात आपण होऊन विचारतो, "तात्या, कुठं जायचं का?" उन्हाळ कांद्याची लागण उरकलेली असते, गव्हाला पाणी देऊन झालेले असते आणि घरातले एखादे माणूस गुराढोरांसाठी मागे राहिले, की बाकीच्यांना एक दिवस मोकळा काढता येतो. बहुतेक मंडळी अशा दिवशी देवदर्शनाला जातात, त्यात वावगे काही नाही. आम्ही सिन्नरकडची अकरा माणसे मात्र या पौषात एक निराळी वाट करून आलो. सकाळी त्र्यंबकचा ब्रह्मगिरी, दुपारी डहाणूचा समुद्र आणि रात्री परत घरी. आणि मंडळी, सबंध वाटेत मुख्य पाहिला तो दगड. ऐकून हसू येईल, पण वाचून पाहा.

बरोबर वाटाड्या म्हणून एक निवृत्त भूगोलाचे शिक्षक होते. त्यांना आम्ही नुसते सर म्हणतो. नोकरीत असताना मुलांना घेऊन डोंगर हिंडायचे, आता मोठ्यांना घेऊन हिंडतात. त्यांची अट एकच, की माणसे दहा-बारापेक्षा जास्त नकोत. पन्नास माणसांची एस.टी. केली की गाणी होतात, जेवणे होतात, पाहणे काही होत नाही, असे ते म्हणतात आणि मला ते पटते.

दिवस निवडला वद्य दशमीचा. त्यालाही कारण होते. समुद्र पाहायचा तर ओहोटीला पाहावा, म्हणजे पाण्याखालचा खडक उघडा पडतो. कोळ्यांचा जुना ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता भरती. दशमीला साडेसात वाजता भरती, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे दुपारी दीड-दोन. पंधरा-वीस मिनिटे, क्वचित अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण एवढ्याने काम भागते. एकादशीलाही वेळ साधली असती, परंतु आमच्यातल्या चार बायकांचे उपवास पडले असते आणि भाकरी-ठेच्याची शिदोरी बिनकामाची झाली असती.

पहाटे साडेचारला निघालो. नाशिक अंधारातच ओलांडले. अंजनेरी डावीकडे काळीकुट्ट उभी होती आणि त्र्यंबकला पोचलो तेव्हा झुंजूमुंजू झाले होते. कुशावर्तावर हातपाय धुतले, देवाला बाहेरूनच हात जोडले. आक्कांनी एक लहान तांब्या कुशावर्ताच्या पाण्याने भरून त्याला फडके बांधून घेतले. आक्का आमच्या शेजारच्या, वय साठीच्या पुढे, दोन मुलगे बरोबर. त्यांनी जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. पाणी कशाला घेतले, असे कोणी विचारले नाही. म्हाताऱ्या माणसांना असे विचारू नये.

उजाडल्यावर सरांनी आम्हाला गावाबाहेर उभे केले आणि ब्रह्मगिरीकडे बोट दाखविले. "देव म्हणून रोजच बघता. आज डोंगर म्हणून बघा. काय दिसतं?"

आक्कांचा धाकटा म्हणाला, "पायऱ्या."

खरेच पायऱ्या होत्या. एक उभा काळा कडा, मग थोडा उतार, त्यावर गवत आणि झुडपे, मग पुन्हा कडा, पुन्हा उतार. सगळा डोंगर कोणी मोजून थर रचावेत तसा रचलेला. आपल्या सह्याद्रीच्या या दगडाला इंग्रजीत ट्रॅप म्हणतात, तो शब्दही मुळात स्वीडनच्या भाषेतल्या पायरी या अर्थाच्या शब्दावरून आला आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन फाटली आणि आतून वितळलेला खडक वर आला. चित्रात असतो तसा शेंड्याला तोंड असलेला डोंगर इथे नव्हता. लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून, दूध उतू जावे तसा, तप्त शिलारस मैलोन्‌मैल पसरला. थिजला. पुन्हा उतू गेला, पुन्हा थिजला. असे शेकडो वेळा झाले. आजही महाराष्ट्राचा बहुतेक भाग आणि शेजारच्या राज्यांचा काही भाग मिळून सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन या दगडाने झाकलेली आहे आणि घाटात त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर भरते. ज्या उष्णतेने हे घडविले तिचा उगम आता आपल्याखाली नाही, कारण भारताची भूमी सरकत सरकत उत्तरेला आली. तो उगम हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली राहिला आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून अधूनमधून पेटतो. आपल्या देशात आज जागा ज्वालामुखी एकच, अंदमानजवळच्या बॅरन बेटावर.

"म्हणजे आपली काळी जमीन त्याच राखेची?" आमच्या वहिनींनी विचारले.

"राखेची नाही, त्या दगडाची. दगड कुजून माती झाली."

आता याच ब्रह्मगिरीची आणखी एक गंमत. इथून समुद्र सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या आसपास. पण गोदावरी तिकडे पाठ फिरवून निघते आणि १४६५ किलोमीटर चालून पार पूर्वेला बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणा मात्र त्र्यंबकच्याच डोंगरात जन्मून पश्चिमेला उतरते. तिच्यावरच्या धरणांचे पाणी मुंबई पिते. १९५७ सालचे मोडकसागर, १९७३ सालचे ऊर्ध्व वैतरणा आणि २०१४ सालचे मध्य वैतरणा ही ती धरणे. एकाच माळेतले डोंगर, आणि एका उताराचे पाणी आंध्रात जाते तर दुसऱ्याचे मुंबईच्या नळाला. पाऊस वाटून घ्यायचा झाला तर आपल्या वाट्याला काय येते तेही सरांनी सांगितले. ढग समुद्रावरून येऊन या भिंतीला धडकतो, वर चढतो आणि इथेच रिता होतो. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तोच ढग सिन्नर-येवल्याला पोचेपर्यंत त्यात पाचशेच्या आसपास उरतो.

त्र्यंबक सोडून मोखाड्याच्या रस्त्याला लागलो आणि तोरंगण घाटाशी गाडी थांबविली. सहलीतला मोठा वेळ आमचा इथे गेला, आणि जायलाच हवा होता. का ते सांगण्यासाठी आधी आक्कांच्या घरची गोष्ट सांगितली पाहिजे.

आक्कांचे दोन मुलगे एकत्रच शेती करतात. सहा एकर रान, वडिलांनी बांधलेली एक विहीर. ती विहीर अलीकडे माघातच तळाला जाते. म्हणून थोरल्याने चार वर्षांत दोन बोअर घेतले. पहिला साडेतीनशे फूट गेला, धुरळाच निघाला. दुसरा चारशे वीस फूट गेला, त्याला पाणी लागले आणि आठ महिन्यांत आटले. सोसायटीचे कर्ज डोक्यावर आहे. आता तिसरा सहाशे फुटी घ्यायचा असे थोरल्याच्या मनात. पाणाड्याने नारळ फिरवून जागाही दाखविली आहे आणि गाडीवाल्याला पाच हजार विसार दिला आहे. धाकट्याला हे मान्य नाही. दोघे भाऊ एका ताटात जेवणारे, पण या एका गोष्टीवरून महिनाभर घरात नीट बोलणे नव्हते. आक्का सहलीला दोघांनाही घेऊन आल्या त्याचे एक कारण हेही होते, असे मला वाटते. त्या तसे म्हणाल्या नाहीत.

तर तोरंगण घाट. रस्ता करताना डोंगर उभा कापलेला आहे, त्यामुळे दगडाचे पोट दिसते. सरांनी हाताने एकेक थर दाखविला. भाकरीची चवड डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक भाकरी म्हणजे शिलारसाचा एक लोट. भाकरीला वरून फोड येतात, तसे या लोटालाही वरच्या अंगाला बुडबुडे आलेले असतात, कारण आतली वाफ आणि वायू वर येता येता अडकले. तो वरचा भाग सगळा भोकाभोकांचा. पुढे त्या भोकांत पाण्याबरोबर आलेले क्षार साठून पांढरे, हिरवट खडे झाले. विहीर खणताना निघणाऱ्या गारगोट्या आणि चकचकीत स्फटिक हेच. सिन्नरला गारगोटी संग्रहालयात असे खडे काचेत मांडून ठेवले आहेत, परदेशची माणसे ते पाहायला येतात, आणि आपण मात्र ते बांधावर टाकून देतो. या भोकाळ दगडाला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. त्याच्या खाली भाकरीचा मधला भाग, तो घट्ट काळा पाषाण. सुरुंगाशिवाय हलत नाही.

आणि दोन भाकऱ्यांच्या मध्ये कुठे कुठे तांबडा पट्टा. विटेसारखा लाल, हाताने कुस्करला तर चुरा होणारा. एक लोट थिजल्यावर पुढचा येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला की वरचा दगड कुजून माती व्हायची, मग त्या मातीवर नवा तापलेला रस आला की ती भट्टीतल्या विटेसारखी भाजून निघायची. ज्यांनी विहिरी बांधल्या आहेत त्यांना हा थर ठाऊक आहे. तो बांधकामाला दगा देतो, ढासळतो. पण त्याची माती चिकट, त्यामुळे वरून मुरलेले पाणी बऱ्याच ठिकाणी त्याच्यावर अडते.

थोरला इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "सर, हे सगळं खरं. पण सहाशे फुटाला काय लागंल ते सांगा."

सरांनी त्याला रस्त्याच्या कडेला नेले. खाली घाटाची वळणे दिसत होती. "आपण उभे आहोत तिथून त्या खालच्या वळणापर्यंत उभं अंतर साधारण तेवढंच भरेल. तुमचा बोअर म्हणजे ही दरड. फरक एवढाच, की बोअर सहा इंचाचा आणि आतलं दिसत नाही. इथं देवानं आणि बांधकाम खात्यानं उघडून ठेवलं आहे. आता तुम्हीच बघा, ओल कुठं कुठं आहे."

मंडळी, मग आम्ही सगळे ओल मोजत खाली चालत निघालो. गाडी मागून हळूहळू. पौषातला कोरडा वारा, दरडीवरचे गवत वाळून पिवळे झालेले. पाषाणाचे मोठमोठे कडे कोरडे ठणठणीत. वर, मुरूम जिथे संपतो त्या रेषेवर ओल होती आणि नेचे हिरवे होते. पुढे मांजऱ्यातून एके ठिकाणी थेंब थेंब गळत होते आणि त्याच्या खालीच तांबडा पट्टा होता. आणखी खाली पाषाणाला एक उभी चीर गेली होती, तिच्यातून पाझर येऊन दगड काळाभोर भिजला होता. बस्स. एवढ्या उंचीच्या दरडीत ओलीच्या जागा तीन, त्यांतल्या दोन वरच्या अर्ध्या भागात. धाकटा बोटांवर मोजत होता. थोरला मोजत नव्हता, पण त्याची नजर दरडीवरून हलत नव्हती.

सरांनी लपवून काही ठेवले नाही. दरडीचे पाणी बाहेर वाहून जाते, सपाट रानातले तेवढे जात नाही. शिवाय सिन्नरचे थर हेच नव्हेत, याच जातीचे दुसरे आहेत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. म्हणजे तुमच्या रानात तीनच जागी पाणी असेल असा याचा अर्थ नाही. पण खोल जाल तसे पाणी वाढत जाते ही समजूत या दगडात खरी ठरत नाही. वाळूच्या जमिनीत पाणी सगळीकडे भरलेले असते. आपल्या दगडात ते फक्त कुजलेल्या मुरमात, मांजऱ्यात आणि चिरांत राहते, आणि खाली जावे तशा चिरा वरच्या वजनाने मिटत जातात. कोणाला सहाशे फुटांवर पाणी लागते, नाही असे नाही. एखादी चीर सापडते. पण ते बहुधा पूर्वीचे साठलेले पाणी असते, एक-दोन उन्हाळ्यांत संपते आणि पावसाने लवकर भरत नाही. थोरल्याच्या दुसऱ्या बोअरची आठ महिन्यांची कथा त्याला आता वेगळी सांगावी लागली नाही.

कायद्याचेही सांगून ठेवतो. राज्याच्या २००९ सालच्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा, खोल बोअरला मनाई आहे. गावोगाव चारशे-सहाशे फूट सर्रास चालतात ही गोष्ट वेगळी.

घाट उतरताना सरांनी आणखी एक वस्तू दाखविली. एका ओढ्यात दगडांची उभी रांग होती, आडव्या थरांना कापून सरळ गेलेली, कोणी गडाची भिंत घालावी तशी. भेगेतून वर येणारा रस भेगेतच थिजला की अशी भिंत होते. तिला डाईक म्हणतात. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर भागात आणि धुळे-नंदुरबारला अशा भिंती पुष्कळ आहेत. ती जमिनीखालून गेली असेल तर पाण्याला आडवा बांध होते. एका अंगाला विहीर भरलेली आणि शंभर पावलांवर दुसऱ्याची कोरडी, असे तुमच्या शिवारात असेल तर शेजाऱ्याच्या नशिबाचा हेवा करण्याआधी मध्ये अशी रांग आहे का ते पाहावे.

मोखाड्याच्या पुढे रान बदलले. लाल-तपकिरी उथळ माती, भाताची वावरे कापून मोकळी, उतारावर नागली-वरईची खुंटे. दगड आपलाच, पण धो धो पावसाने त्याच्या मातीतले सत्त्व धुऊन नेलेले. आपल्याकडे पाऊस कमी म्हणून काळी माती टिकली. इतकी वर्षे कमी पावसाला शिव्या देत आलो, त्याचे एवढे उपकार आहेत हे मला तिथे कळले.

पण मोखाडा-जव्हारकडे पाहून जिवाला चटका बसतो. आता पालघर जिल्ह्यात असलेल्या या तालुक्यांत पाऊस आपल्या चौपट-पाचपट, आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकर. बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात. पाणी पडते, पण खाली पाषाण, वर वीतभर माती आणि उतार उभा, त्यामुळे राहायला जागाच नाही, सगळे पुराच्या रूपाने समुद्रात जाते. एका पाड्याजवळ ओढ्यावर सिमेंटच्या गोण्यांत माती भरून बांध घातलेला होता, त्यामागे अजून पाणी होते आणि चार बायका कपडे धूत होत्या. धाकटा गाडी थांबवून तो बांध पाहून आला. परत आल्यावर भावाला एवढेच म्हणाला, "दादा, गोण्याच हायेत नुसत्या." दादा काही बोलला नाही.

जव्हारला चहा घेतला. मुकणे राजांचा जयविलास राजवाडा रस्त्यावरूनच पाहिला, दाभोसा धबधबा वगळला. सुमारे तीनशे फुटांची धार आहे ती, पण पाहायची तर पावसाळा संपता संपता यावे. मात्र एक गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. भूशास्त्रज्ञांनी घाटातल्या थरांचे गट पाडून त्यांना गावांची नावे दिली आहेत आणि या चवडीतल्या तळाच्या गटांना त्यांनी जव्हार आणि इगतपुरी ही नावे दिली. म्हणजे आम्ही सकाळपासून वर्षांची चवड उतरत उतरत तळाच्या भाकरीवर येऊन चहा पीत होतो.

पुढचा रस्ता भरभर गेला. कासा-चारोटीला महामार्ग ओलांडला, महालक्ष्मीचा सुळका मागे पडला, हवा दमट झाली आणि ताडाची झाडे दिसू लागली. डहाणू-तलासरी भागात २०१८च्या नोव्हेंबरपासून भूकंपाचे लहान धक्के सुरू झाले होते हे आमच्या गाडीवाल्याला ठाऊक होते. ज्वालामुखी पुन्हा उठतोय का, असे त्याने जरा घाबरतच विचारले. त्याचा ज्वालामुखीशी संबंध नाही, असे सरांनी सांगितल्यावर त्याने गाडी पुन्हा वेगात घेतली.

कोसबाडची टेकडी लागली. अनुताई वाघ आणि ताराबाई मोडक यांनी आदिवासी मुलांना शिकविले ती ही टेकडी, आणि इथली शेतीची संस्था आपल्या नाशिकच्या गोखले एज्युकेशन सोसायटीची, हे सांगताना मला उगीच अभिमान वाटला. तिथून बोर्डीच्या अलीकडे एका ओळखीच्या माणसाच्या चिकूच्या वाडीत उतरलो. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. झाडे गर्द, खाली ऊन उतरत नाही. भाकरी, ठेचा, वांग्याचे भरीत अशी शिदोरी सोडली आणि वाडीवाल्याने वर टोपलीभर चिकू ठेवले.

जेवण झाल्यावर तो आम्हाला विहिरीवर घेऊन गेला. वीस-बावीस फुटांची विहीर, काठोकाठ नाही पण भरलेली. थोरल्याने वाकून पाहिले आणि विचारले, "खोल का नाही नेली?"

वाडीवाला हसला. "खोल नेली तर समुद्र लागेल, दादा."

किनाऱ्याजवळ जमिनीतले गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. ठोकताळा असा, की समुद्राच्या पातळीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल तर त्याच्या खाली चाळीस फूट गोडे पाणी टिकते. वरचे फूटभर उपसून टाकले की खालून चाळीस फूट खारे वर सरकते. म्हणून हा माणूस मोटर दोन तास चालवितो, बंद करतो आणि पाणी पुन्हा जागेवर येण्याची वाट पाहतो. शेजारच्या एकाने जास्त उपसा केला, त्याचे पाणी मचूळ झाले. "चिकू थोडंफार सोसतो, मिरची सोसत नाही," तो म्हणाला. मग थोरल्याकडे वळून, "तुमच्याकडं चुकलं तर खाली कोरडा दगड लागतो. पुन्हा दुसरीकडं भोक पाडता येतं. आमच्याकडं चुकलं तर सगळ्या आळीची वाडी जाते."

"आमच्याकडं भोकाला पैसे लागतात," थोरला म्हणाला. सगळे हसले, तोही हसला. सकाळपासून पहिल्यांदा.

दोनच्या सुमाराला किनाऱ्यावर गेलो. ओहोटी पुरी झाली होती आणि समुद्र दूरवर मागे सरला होता. करड्या काळसर वाळूतून काळे खडक वर आले होते, त्यांवर कालवे चिकटलेली आणि खळग्यांत पाणी. खडकात तीच भोके, त्यांत तेच पांढरे खडे. घाटात आडव्या असलेल्या भाकऱ्या कोकणच्या या पट्ट्यात समुद्राकडे कललेल्या आहेत, आणि तशाच पाण्याखाली निघून जातात. वाळूही याच दगडाची, म्हणून ती काळसर.

आक्का बराच वेळ नुसत्या उभ्या होत्या. मग चपला हातात घेऊन पाण्यापर्यंत चालत गेल्या. फडके सोडून त्यांनी तांब्या काढला आणि सरांना विचारले, "आपली गंगा कुठं मिळती ह्याला?"

सर जरा घोटाळले. "ह्याला नाही मिळत, आक्का. ती तिकडं, पूर्वेच्या समुद्राला."

"इतकी जवळ असून?"

"हो. मध्ये डोंगर ना."

"मंग बरं झालं आणली ते," असे म्हणून त्यांनी तांब्या समुद्रात ओतला. थोडे पाणी ठेवले, ते दोन्ही मुलांच्या हातावर तीर्थ म्हणून घातले. पोरांनी ते निमूटपणे घेतले. मग समुद्राचे पाणी जिभेला लावून त्यांनी तोंड वाकडे केले आणि वहिनींना म्हणाल्या, "एवढं पाणी, आन् एका वाफ्याच्या कामाचं नाही."

साडेचारला परत फिरलो. आलो त्याच वाटेने, अंधारात घाट चढून, रात्री साडेअकराला घरी. खर्च माणशी सातशे रुपये आला. ज्यांना जायचे असेल त्यांनी वाटाड्याची सोय आधी करावी. गावाजवळच्या महाविद्यालयात भूगोलाचे किंवा भूशास्त्राचे कोणी असतेच, आणि अशा माणसांना कोणी विचारीत नाही म्हणून ती विचारल्यावर आनंदाने येतात. म्हातारी माणसे असतील तर घाटात पायी फार चालवू नये. बोअरसाठी जागा पाहायची असेल तर नारळाच्या आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जाऊन यावे. ही यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, आणि तुमच्या भागात पाणी किती खोल गेले आहे त्याच्या नोंदी तिच्याकडे असतात.

परवा आक्कांच्या रानावर गेलो होतो. दोघे भाऊ जुन्या विहिरीत उतरलेले. गाळ काढायला सुरुवात केली आहे. पश्चिमेच्या अंगाला, पस्तीस फुटांच्या खाली, त्यांना तांबडा पट्टा सापडला आणि त्याच्या वरच्या रेषेवर ओल आहे. तिथून आडवे बोअर मारावेत असे धाकट्याचे म्हणणे. वरच्या ओढ्याला गोण्यांचा बांध घालायचे दोघांनी ठरविले आहे. सहाशे फुटी बोअरचे विचारले तेव्हा थोरल्याने खालूनच उत्तर दिले, की विसाराचे पाच हजार गाडीवाला परत द्यायला तयार नाही, होळीपर्यंत बघू. आक्का वर काठावर बसून गाळाच्या पाट्या मोजत होत्या.